मार्कोनीचे खांब

१८९८ च्या जुलैत इंग्लंडचे युवराज एडवर्ड जिन्यावरून पडले आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली. वय छप्पन्न, अंगाने जड, त्यामुळे सक्तीची विश्रांती. ती त्यांनी वाइट बेटाजवळ नांगरलेल्या राजघराण्याच्या नौकेवर घ्यायचे ठरवले. त्यांची आई, राणी व्हिक्टोरिया, त्याच बेटावरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये मुक्कामाला होती. अंतर फारसे नव्हते, पण मधे टेकडी असल्याने नौकेवरची निशाणे वाड्यातून दिसत नव्हती. मुलाचा गुडघा कसा आहे, रात्री झोप लागली का, हे राणीला रोज कळायला हवे होते. त्यासाठी एका चोवीस वर्षांच्या इटालियन तरुणाला बोलावणे गेले. त्याने वाड्याच्या आवारात शंभर फूट उंचीचा खांब उभा करून त्यावरून तार सोडली, दुसरी तार नौकेच्या डोलकाठीवरून खाली आणली. पुढच्या सोळा दिवसांत सुमारे दीडशे निरोप या दोन तारांमधून हवेतून गेले. त्यांतले बरेचसे त्या गुडघ्याविषयी होते. रुग्णाच्या प्रकृतीची खबर रेडिओ लहरींवरून जाण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी हा एक. तरुणाचे नाव गुल्येल्मो मार्कोनी.

मार्कोनीचे नाव काढले की आपल्याला रेडिओचा खोका आठवतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र खोक्यात नव्हे, खांबांत गेला. खांब किती उंच हवा, कशाचा हवा, कुठे रोवायचा, त्याला तणावे किती आणि कसे द्यायचे, वादळात तो टिकेल का, या विवंचनेने त्याची चाळीस वर्षे व्यापली. आज घराच्या गच्चीवर हॅम रेडिओचा अँटेना लावणाऱ्या हौशी माणसाला हेच प्रश्न पडतात. मार्कोनी स्वतःही हौशीच होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती.

त्याचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जुझेप्पे सधन जमीनदार. आई ॲनी आयर्लंडची, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्सन घराण्यातली. मुलाची प्रकृती नाजूक, म्हणून आई त्याला घेऊन हिवाळ्यात उबदार गावी जाऊन राही. त्यामुळे नियमित शाळा झालीच नाही. बोलोन्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. तिथले प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांनी शेजारधर्म म्हणून त्याला ग्रंथालय वापरू दिले, एवढाच काय तो उच्च शिक्षणाशी संबंध.

१८९४ च्या १ जानेवारीला हाइनरिख हर्ट्झ गेले. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून देणारा हा जर्मन शास्त्रज्ञ जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. नाक, कान आणि जबड्याच्या दुखण्याने त्यांना शेवटची दीड-दोन वर्षे छळले, शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. त्या वेळच्या नोंदी वाचून आजचे डॉक्टर असा अंदाज करतात की तो रक्तवाहिन्यांचा दाह करणारा, ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस नावाचा आजार असावा. आज त्यावर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. हर्ट्झच्या निधनानंतर रिगींनी लिहिलेला लेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या हाती पडला आणि या लहरींनी निरोप पाठवता येईल ही कल्पना त्याच्या डोक्यात घुसली.

पोंतेक्यो गावात व्हिला ग्रिफोने हे मार्कोनींचे घर. त्याच्या माळ्यावर पूर्वी रेशमाच्या किड्यांच्या ताटल्या ठेवत. आईने ती जागा मुलाला रिकामी करून दिली. ठिणगी पाडणारे यंत्र एका टोकाला, लहर आली की सचेत होणारी धातूच्या भुकटीची नळी दुसऱ्या टोकाला. खोलीत घंटी वाजू लागली, मग घराबाहेर वाजू लागली. पण काही मीटरांच्या पुढे मजल जाईना.

१८९५ मध्ये त्याने दोन गोष्टी केल्या. यंत्राचे एक टोक जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडले आणि दुसरे टोक खांबावर चढवलेल्या पत्र्याच्या डब्याला. डबा तीस सेंटिमीटरचा. खांब दोन मीटर उंच होता तेव्हा खूण तीस मीटरपर्यंत पोहोचली. खांब चार मीटरचा केला तर शंभर मीटर. आठ मीटरचा केला तर चारशे. उंची दुप्पट केली की अंतर जवळपास चौपट होते, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. त्याने ते बागेत खांब रोवून शोधले. मग एक मीटरचा मोठा डबा आठ मीटरवर चढवला, तेव्हा २४०० मीटरपर्यंत खूण गेली. थोरला भाऊ आल्फोन्सो टेकडीच्या पलीकडे यंत्र घेऊन बसे आणि खूण मिळाली की बंदुकीचा बार काढून कळवी. टेकडी आड असूनही खूण पोहोचली, हे विशेष.

असे का होते, याचे साधे उत्तर असे. उभी तार आणि खालची जमीन मिळून एकच लहर सोडणारी रचना बनते. तार लांब तशी लहर लांब, आणि लांब लहर जमिनीला धरून दूरवर जाते. मार्कोनीला हे सगळे सिद्धांत म्हणून ठाऊक होते असे नाही. खांब वाढवला की काम होते, एवढे त्याने पक्के धरले.

१८९६ च्या फेब्रुवारीत आई मुलाला घेऊन लंडनला आली. जकातवाल्यांनी त्याची पेटी उचकून यंत्राची मोडतोड केली, ते पुन्हा जुळवावे लागले. २ जूनला पेटंटचा अर्ज गेला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवर प्रयोग ठरला. लॅव्हरनॉकच्या कड्यावर खांब, समोर समुद्रात फ्लॅट होम हे बेट. बघ्यांमध्ये जर्मनीहून आलेले प्राध्यापक स्लाबीही होते. पहिले दोन दिवस काहीच ऐकू येईना. मग यंत्र उचलून कड्याखाली वाळूवर नेले आणि खांबावरून येणारी तार वीस यार्डांनी वाढवली. एकूण उंची सुमारे पन्नास यार्ड झाली आणि खुणा स्पष्ट येऊ लागल्या. नवा खांब लागला नाही, पैसा लागला नाही, फक्त जागा बदलली. खांब विकत घ्यायच्या आधी जागा नीट पाहावी, हे गच्चीवर अँटेना लावणारे अनुभवी लोक अजून सांगतात.

१८९९ च्या मार्चमध्ये इंग्लिश खाडी ओलांडली गेली. आता मार्कोनीला अटलांटिक ओलांडायचा होता. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या, त्या अवकाशात निघून जातील असे बहुतेक शास्त्रज्ञांचे मत होते आणि ते तर्काला धरून होते. मार्कोनीने पैज खांबांवर लावली.

कॉर्नवॉलच्या टोकाला पोल्धू नावाची जागा निवडली. समोर उघडा समुद्र, वारा अखंड. तिथे दोनशे फूट उंचीचे वीस खांब दोनशे फूट व्यासाच्या वर्तुळात उभे राहिले आणि त्यांच्यावरून तारांचा उलटा शंकू खाली सोडला. दिसायला भव्य. पण एक गोम होती. प्रत्येक खांबाचे टोक शेजारच्या खांबाच्या टोकाला तारेने बांधलेले होते. बाहेरच्या बाजूला प्रत्येकाचा स्वतंत्र, भक्कम ताण हवा होता, तो पुरेसा नव्हता. म्हणजे एक पडला तर तो शेजाऱ्याला ओढणार. कंपनीतला तरुण अभियंता रिचर्ड व्हिव्हियन याने अशाच रचनेबद्दल आक्षेप घेतला होता. त्याचे कोणी ऐकले नाही. त्यालाच अमेरिकेत केप कॉडला पाठवून तशीच रचना उभी करायला लावली.

१७ सप्टेंबर १९०१ ला पोल्धूच्या वाऱ्याने निकाल दिला. वीसच्या वीस खांब कोसळले. नोव्हेंबरच्या अखेरीस केप कॉडचेही गेले.

वाऱ्याचे गणित निर्दय असते. वेग दुप्पट झाला की खांबावरचा जोर चौपट होतो, आणि जोर जितका उंचावर, तितका बुडाशी त्याचा पीळ मोठा. म्हणून घरच्या खांबालाही वरचा अँटेना किती मोठा, यावरून वारा किती लागेल ते मोजावे लागते. नुसती नळी जाड घेऊन भागत नाही. तणावे निदान तीन दिशांना, समान कोनांत हवेत. जमिनीवरचे त्यांचे खुंट खांबाच्या उंचीच्या साठ ते ऐंशी टक्के अंतरावर हवेत. बुडाजवळ बांधलेला तणावा खांबाला धरत नाही, फक्त खाली दाबतो. प्रत्येक तणाव्याला आपापला खुंट हवा. पाण्याच्या टाकीचा पाइप किंवा कठड्याची जुनी वीट हा खुंट नव्हे. पावसाळ्याआधी गंजलेल्या तारा आणि ढिले झालेले पीळ तपासले पाहिजेत. गच्चीवरच्या खांबाला जाड तारेने स्वतंत्र अर्थिंगही हवे, कारण विजेला सगळ्यांत उंच टोक आवडते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे विजेच्या उघड्या तारा. खांब उभा करताना तो हातातून निसटून कोणत्याही दिशेला आडवा झाला, तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये. म्हणजे अँटेनासकट त्याच्या पूर्ण लांबीपेक्षा तार जास्त दूर हवी. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गच्चीवरून पडलेले आणि लोखंडी पाइपातून शॉक बसलेले रुग्ण येत असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचे काम दहा मिनिटांचे होते, म्हणून पट्टा बांधलेला नसतो आणि मदतीला दुसरा माणूस नसतो. शॉक लागलेल्याला वीज बंद होईपर्यंत हात लावू नये. वर उच्चदाबाची तार असेल तर लाकडी काठीचाही भरवसा धरू नये, लांब उभे राहून वीज कंपनीला कळवावे. वीज तुटल्यावर श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.

पोल्धूला खांब कोसळले तेव्हा मार्कोनीजवळ वेळ नव्हता. प्रतिस्पर्धी मागे लागले होते, भागधारक धास्तावले होते. त्याच्या माणसांनी आठ-दहा दिवसांत जवळपास दीडशे फुटी दोन खांब उभे केले आणि त्यांच्यामध्ये चोपन्न तारा पंख्यासारख्या ताणल्या. समोरच्या किनाऱ्यावर खांब बांधायचा नादच त्याने सोडला. जॉर्ज केंप आणि पर्सी पॅजेट या दोन सहकाऱ्यांना घेऊन तो ६ डिसेंबरला न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला उतरला. सामानात फुगे आणि पतंग होते.

सिग्नल हिल या टेकडीवर त्यांना मिळालेली खोली जुन्या बराकीतली. तिथे पूर्वी घटसर्प आणि तापाच्या रुग्णांचे रुग्णालय होते. ११ तारखेला फुगा दोर तोडून निघून गेला. १२ तारखेला पहिला पतंग वाऱ्याने पळवला. दुसरा पतंग पाचशे फूट तार घेऊन वर चढला आणि वाऱ्यात खालीवर होत कसाबसा टिकला. दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्कोनीने कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात तीन टिचक्या ऐकल्या. मोर्स लिपीतले एस हे अक्षर. त्याने यंत्र केंपच्या हाती दिले, त्यालाही ऐकू आले. पोल्धू तिथून सुमारे ३४०० किलोमीटरवर.

साक्षीदार दोनच, तेही एकाच कंपनीचे, आणि कागदावर यांत्रिक नोंद नाही. वैद्यकशास्त्रात असा पुरावा कोणी मानणार नाही, आणि त्या वेळीही अनेकांनी मानला नाही. ते खरेच पोल्धूचे अक्षर होते की हवेतली खरखर, यावर आजही तज्ज्ञांत वाद आहे, कारण भर दुपारी तशी लहर तेवढी दूर जाणे अवघड. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या रचनेचा वारसदार होता, असेही अभ्यासकांनी दाखवले आहे. त्याचे श्रेय बोस यांना मार्कोनीकडून मिळाले नाही.

शंकांना उत्तर मात्र त्याने प्रयोगानेच दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजाची डोलकाठी उंच करून तो पुन्हा अमेरिकेला निघाला. या वेळी खुणा कागदाच्या पट्टीवर उमटत होत्या आणि जहाजाचा कप्तान साक्षीला होता. रात्री २००० मैलांहून अधिक अंतरावर एस उमटला, दिवसा मात्र ७०० मैलांच्या पुढे काही नाही. दिवस आणि रात्र यांत हा फरक का, याचे उत्तर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात होते. ते पुढे दोन दशकांनी ॲपलटनच्या प्रयोगांनी पक्के केले. पोल्धूला या वेळी वीस खांबांच्या जागी चार मनोरे बांधले, २१५ फूट उंच, लाकडी जाळीचे, प्रत्येक आपल्या पायावर उभा.

पुढची वर्षे वेगात गेली. १९०५ मध्ये लग्न झाले. पहिली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या दोन डोलकाठ्यांमध्ये ताणलेल्या तारांवरून मदतीची हाक गेली आणि सातशेहून अधिक लोक वाचले. जहाजावरचे दोन्ही तारवाले मार्कोनी कंपनीचे नोकर होते. जॅक फिलिप्स बुडाला. हॅरॉल्ड ब्राइड थंडीने पाय निकामी झालेल्या अवस्थेत वाचला आणि सुटका करणाऱ्या जहाजावरही यंत्रापाशी बसला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीत मार्कोनीच्या मोटारीला अपघात झाला आणि उजवा डोळा जायबंदी झाला. तो काढून टाकावा लागला. एका डोळ्याला खोल जखम झाली की शरीराची प्रतिकारयंत्रणा कधी कधी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही उलटते. तेव्हा स्टेरॉइड नव्हती. जखमी डोळा वेळेवर काढणे हाच उरलेली दृष्टी वाचवायचा मार्ग होता. मार्कोनीने काचेचा डोळा बसवला आणि काम चालू ठेवले.

आता हौशी मंडळींची गोष्ट. मार्कोनी आणि सगळ्या मोठ्या कंपन्या लांब लहरींच्या मागे लागल्या होत्या, त्यामुळे खांब उंच आणि खर्च अफाट. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी निरुपयोगी मानून अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने त्या हौशी लोकांच्या वाट्याला टाकल्या. या मंडळींनी परसातल्या खांबांवर तारा ताणून १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतून स्कॉटलंडपर्यंत खुणा पोहोचवल्या. १९२३ मध्ये अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण केले. मार्कोनीही त्याच सुमारास आपल्या इलेट्रा नौकेवर आखूड लहरींचे प्रयोग करत होता. १९२४ पर्यंत त्याला दिसून आले की बत्तीस मीटरची लहर दिवसाउजेडीही पृथ्वीच्या पाठीवर दूरवर जाते. तीस वर्षे उंचीचा पाठपुरावा केलेल्या माणसाने मग आपलाच मार्ग बदलला. लहर आखूड म्हणून अँटेनाही आखूड. अनेक लहान तारा ओळीने टांगून लहर एकाच दिशेला ढकलायची, हे बीम पद्धतीचे सूत्र. आज चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलणाऱ्या हॅमला वीस मीटर तार आणि दहा मीटरचे खांब पुरतात, ते यामुळेच.

या बीम पद्धतीचे खांब महाराष्ट्रातही उभे राहिले. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली सेवा सुरू झाली, तेव्हा पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण केंद्र होते आणि दौंडला ग्रहण केंद्र. पलीकडे ग्रिम्सबी आणि स्केगनेस. प्रक्षेपकाच्या गोंगाटात ग्रहणाचे यंत्र बहिरे होऊ नये म्हणून दोन्ही केंद्रे दूर ठेवलेली.

त्याच १९२७ मध्ये मार्कोनीने दुसरे लग्न केले आणि त्याच वर्षी हृदयविकाराने त्याला गाठले. छातीत कळ येई. नायट्रोग्लिसरिन आणि विश्रांती, याहून फारसे काही तेव्हाच्या डॉक्टरांच्या हाती नव्हते. विश्रांती त्याला जमली नाही. या काळातला त्याचा दुसरा भाग लपवण्यासारखा नाही. तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात होता, १९३० पासून इटलीच्या शाही अकादमीचा अध्यक्ष होता, आणि ज्यू विद्वानांना तिथे दार बंद ठेवण्यात त्याचा हात असल्याचे कागद नंतर सापडले. टायटॅनिकवरच्या माणसांचे प्राण ज्याच्या तारांनी वाचवले, त्याच माणसाबद्दल हेही लिहावे लागते.

१९३५ मध्ये ग्विदो ग्विदा या डॉक्टरांनी रोममध्ये समुद्रावरच्या आजाऱ्यांसाठी एक केंद्र काढले. मालवाहू जहाजांवर डॉक्टर नसतो. खलाशाच्या पोटात कळ आली, हात यंत्रात सापडला, ताप उतरत नाही, तर कप्तानाने रेडिओवर लक्षणे सांगायची आणि रोमच्या डॉक्टरांनी जहाजावरच्या पेटीतले कोणते औषध किती द्यायचे ते सांगायचे, विनामूल्य. या केंद्राचे पहिले अध्यक्षपद मार्कोनीकडे होते. आज ज्याला टेलिमेडिसिन म्हणतात ते हेच. ऑस्बर्नच्या वाड्यात राणीला मिळणारी गुडघ्याची बातमी आता साध्या खलाशापर्यंत उपचार होऊन पोहोचू लागली. त्याच्या नावाचा आणखी एक धागा दवाखान्यात उरला आहे. सांधे आणि स्नायू शेकण्यासाठी फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी देतात, अकरा मीटर लहरीची. इटलीत तिला मार्कोनीथेरपी म्हणतात.

२० जुलै १९३७ ला पहाटे रोममध्ये त्याचे हृदय थांबले. वय त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण बंद ठेवले. चाळीस वर्षांपूर्वी फक्त विजांची खरखर ऐकू येत असे, तशी हवा तेवढा वेळ मोकळी झाली. मग खडकीसकट सगळीकडचे खांब पुन्हा कामाला लागले. ग्विदांच्या केंद्राला आजही भर समुद्रातून हाका येतात.